गोव्यातल्या मोपा विमानतळाचं टर्मिनल हरित, मग विमानाचा धूर कोणाच्या खात्यावर?

काजूवालो_पेडणें: आमची काजूची बाग मोपाच्या पठाराखाली. ५ जानेवारी २०२३पासून विमानं डोक्यावरून. मार्चात बोंडू वेचताना बोलणं अर्ध्यावर सोडावं लागतं. विमानतळावर सौर पॅनेल आहेत, छान. पण 'हरित' म्हणताना वर जळणारं इंधन मोजतात का? २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमानतळाचा पर्यावरण परवाना रोखला होता, २०२०त मोकळा केला. तेव्हा चर्चा झाडांची आणि झऱ्यांचीच जास्त ऐकली.

हिशेबनीस: दादा, विमानतळ स्वतःच्या नावावर दिवे, एसी, गाड्या धरतो. उडतानाचं इंधन विमान कंपनीच्या खात्यावर. १ किलो एटीएफ (विमानाचं इंधन) जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड! आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर तर देशाच्या एकूण बेरजेतही नाही, वेगळा दाखवतात.

म्हापशेकर: मग गोव्याचा जुना विमानतळ दाबोळीही चालू, मोपाही. तुम्ही मुंबईला कसे जाता?

काजूवालो_पेडणें: थिवीहून रेल्वेने. खरं सांगतो, गणपतीत तिकीट मिळालं नाही म्हणून लेक विमानाने आली. आमच्याच बागेवरून.

हिशेबनीस: तिचे किलो तिच्याच नावावर घाला :)