देवाची इच्छा तुम्हाला कशी कळली? अनुभव लिहा

सलाम मंडळी,

गेल्या रविवारी उपासनेनंतर बारावी झालेली एक मुलगी मला विचारत होती, "बाई, प्रार्थना कर, देवाची इच्छा शोध, असं सगळे सांगतात. पण ती कळली हे कळतं कसं?" इतकी वर्षं संडे स्कूल घेतलं, तरी मला चटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभे राहतो तेव्हा आपण शेवट गोड झालेल्याच गोष्टी सांगतो. इथे बाकीच्याही लिहा. उत्तर आलं नाही, चुकीचं ऐकलं, उशिरा उमगलं, सगळं.

माझ्यापासून सुरुवात करते. 1984 साली मी बावीस वर्षांची होते, वडील नुकतेच गेले होते. मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि नगर तालुक्यातल्या एका शाळेतून नोकरीचंही पत्र आलं होतं. तीन दिवस उपास केला. मग डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं 'पहिला इतिहास' या पुस्तकातल्या वंशावळीवर. नुसती नावं. मी खूप रडले. माझी आत्या बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरून बायकांना वचन सांगायची. ती म्हणाली, "वचन काही चिठ्ठ्या काढायला दिलेलं नाही गं पोरी. स्तोत्रात त्याला दिवा म्हटलंय. दिवा पावलापुढचं दाखवतो. तुझ्या पावलापुढे आत्ता काय आहे?"

पावलापुढे आई होती, दम्यामुळे रात्र रात्र बसून काढणारी, आणि धाकटे दोन भाऊ. मी शाळा धरली. त्या दिवशी मनात शांती वगैरे काही नव्हती. भरलेली बॅग उपसताना हुंदका आवरत नव्हता. शांती आली चार महिन्यांनी, वह्या तपासता तपासता. "शांती मिळाली म्हणजे तीच देवाची इच्छा" असं तरुणांना सांगतात, तेव्हा मला ते चार महिने आठवतात.

आता तुम्ही लिहा.

वसई. वाडी करतो, वय 56

आमची वडिलोपार्जित वाडी. केळी, मोगरा, थोडी भाजी आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. 2011 मध्ये एक बिल्डर आला. धाकट्या भावाला विकायची होती, मला नव्हती. आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. त्यात मी हा हेतू ठेवला, वर नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, केली. दहाव्या दिवशीही मन तिथेच.

मी एका फादरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू देवाला विचारतोयस, की देवाकडे भावाची तक्रार करतोयस?" मला राग आला, पण खरं होतं. माझी प्रार्थना एवढीच होती की भावाचं मन बदल. माझं ठरलेलं होतं, देवाने फक्त सही करायची होती.

त्यांनी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या रीतीप्रमाणे करायला सांगितलं. मन कोरडं, वैतागलेलं असेल तेव्हा आधीचा निर्णय बदलायचा नाही. मग कल्पना करायची की अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आलाय. त्याला काय सांगशील? आणि मग, मरणाच्या बिछान्यावर पडलेला असशील तेव्हा आज काय केलेलं बरं वाटेल? मी रोज पहाटे बावखलाच्या काठावर बसायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात म्हणालो, "अरे, आधी भावाला विचार ना, पैसे कशाला हवेत ते."

मी कधी विचारलंच नव्हतं. सहा महिने वाद घालत होतो आणि हे एक विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. कर्ज होतं, बरंच होतं, आणि मोठ्या भावाला सांगायची त्याला लाज वाटत होती. शेवटी त्याचा वाटा विकला गेला, बावखलाची बाजू माझ्याकडे राहिली. भावाच्या विकलेल्या बाजूला भराव पडल्यापासून पावसाळ्यात पाणी माझ्या केळीत तुंबतं. जमीन गेली ही देवाची इच्छा होती असं मी म्हणणार नाही. भावाच्या दारात जाणं ही होती, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो.

पुणे, वय 27

मला वेगळ्या बाजूने लिहायचंय. मी ज्या तरुणांच्या प्रार्थना-गटात जायचे, तिथल्या एका मुलाने मला सांगितलं, "प्रभूने मला दाखवलंय, तू माझी बायको होणार." तो वाईट नव्हता, मनापासून बोलत होता. मी वेळ मागितला. मग गटातल्या ताया-दादांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करायला सुरुवात केली, की माझं कठोर मन मऊ व्हावं. रात्रभराच्या प्रार्थनेत दोनदा हे झालं. देवाला "नाही" म्हणतेय या भीतीने माझी झोप उडाली.

आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बायबलमधल्या लहान शमुवेलाला देवाने स्वतः हाक मारली. त्याला सांभाळणाऱ्या एली याजकाला हाक मारून त्याच्याकडे निरोप नाही दिला. तुझ्या लग्नाचं तुझ्याशी बोलल्याशिवाय तो दुसऱ्याशी कसा बोलेल?" मी गट सोडला. प्रार्थना करायला बसले की अजूनही आधी छातीत धडधडतं. आता मोठ्याने शब्दांत करत नाही, नुसती बसते.

नगर (धागा काढणारी)

बाळ, नुसतं बसणं ही प्रार्थनाच आहे.

पाळक, जालना जिल्हा

पुण्याच्या मुलीचं वाचून मला आधी कबुली द्यावीशी वाटते. तरुणपणी बदली नको होती, तेव्हा मीही मंडळीपुढे "प्रभूने मला सांगितलं आहे" असं म्हटलं होतं. तसं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. आज मी ते वाक्य वापरत नाही. "मला असं वाटतंय, तुम्ही पारखून बघा," असं म्हणतो. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढा. "इकडे येऊन आम्हाला मदत कर" म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात एकट्या पौलाला दिसला, पण निघायचं ठरवताना ते पुस्तक लिहिणारा लूक "आम्ही" असं लिहितो. आणि त्याआधी आशिया आणि बिथुनिया अशी दोन दारं बंद झाली होती. बंद दारापाशी उभं असताना पौलाला काय वाटलं असेल, यावर आपण फार कमी प्रवचनं देतो.

दुसरं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. पंडिता रमाबाईंनी तिथे माळरान घेतलं ते मळा करून शारदा सदनाला, म्हणजे विधवा मुलींसाठीच्या त्यांच्या पुण्यातल्या शाळेला, थोडं उत्पन्न व्हावं म्हणून. विहिरी खणल्या, झाडं लावली. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता, नव्या मुली शहरात ठेवायला बंदी होती. राहायला जागा कुठली? ते केडगावचं शेत. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. जमीन घेताना त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या आयुष्यातही देवाची इच्छा मला बहुतेक वेळा मागे वळून पाहतानाच दिसली आहे. पुढे बघताना फक्त विहीर खणायचं काम दिसत होतं.

नागपूर

माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. रक्ताचा कॅन्सर. आम्ही उपास केले, साखळी प्रार्थना केली, चोवीस तास कुणी ना कुणी गुडघ्यांवर असायचं. तो गेला. त्यानंतर मंडळीतल्या एका बहिणीने घरी येऊन सांगितलं, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. दुसरे म्हणाले, देवाचीच इच्छा. दोन्ही ऐकून मला सारखीच भोवळ आली.

प्रभूच्या प्रार्थनेतलं "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" मी दोन वर्षं म्हटलं नाही. मंडळी म्हणायची, मी ओठ मिटून थांबायचे आणि रोजच्या भाकरीपासून पुन्हा सुरू करायचे. एका गुड फ्रायडेला गेथशेमाने बागेचा, येशूला धरलं त्या रात्रीचा, भाग वाचत होते. येशूने आधी "हा प्याला दूर कर" म्हटलं, "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे त्यानंतर. एकदा नाही, तीनदा प्रार्थना केली, घाम गाळून. मला मात्र लोकांनी पहिल्याच दिवशी दुसऱ्या वाक्यावर आणून बसवलं होतं. त्या दिवशी घरी आले आणि दार लावून फक्त पहिलं वाक्य म्हटलं, मुलगा जाऊन दोन वर्षं झाल्यावर. ओरडून म्हटलं.

आता मी ती ओळ म्हणते. दर रविवारी नाही. माझ्या मुलाचं जाणं ही देवाची इच्छा होती का, हे मला कुणी समजावू नये, एवढी विनंती आहे. इतर आयांकडे मी आता जाते, वॉर्डात, डबा घेऊन. तिथे काही बोलत नाही.

नगर (धागा काढणारी)

ताई, ज्या रविवारी तुम्हाला ती ओळ म्हणवणार नाही, त्या रविवारी इकडे मी तुमच्या वाटची म्हणत जाईन.

मुंबई. नर्स, वय 34

मी दोन दिवस हा धागा वाचतेय. कुवेतच्या हॉस्पिटलचं पत्र हातात आहे, शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. पपांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, पैसे तिकडेच मिळतील आणि मी इथे हवी आहे. बायबलमधल्या गिदोनाने लोकर अंगणात टाकून देवाकडे खूण मागितली, तशी मी महिनाभर लोकर टाकत होते: आज अमक्याचा फोन आला तर जाईन, पाऊस थांबला तर नाही.

वसईच्या काकांचं वाचलं आणि लक्षात आलं, मी पपांना अजून सांगितलेलंच नाही. त्यांना ताण नको म्हणून. काल रात्री त्यांच्या पायांना तेल लावताना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवा बंद कर, आपण दोघं मिळून मागू." पहिल्यांदाच आम्ही दोघांनी एकत्र, मोठ्याने, याच गोष्टीसाठी प्रार्थना केली. उत्तर अजून नाही.

शुक्रवारी काय झालं ते इथेच लिहीन. तोपर्यंत आमची आठवण ठेवा.