आजीच्या नऊवारीची वाकळ करायची आहे, पण कापड शिलाईपाशीच फाटतंय

सुईत_दोरा_जाईना

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची आजी मागच्या दिवाळीत गेली. तिची ट्रंक परवा उघडली तर सात नऊवाऱ्या निघाल्या, दोन इरकल आणि बाकीच्या रोजच्या सुती, त्यातली एक तर इतकी विरलीय की घडी उलगडताना पण भीती वाटते. पुण्याच्या वहिनीला सातवा लागलाय, म्हटलं बाळासाठी आजीच्या लुगड्याची वाकळ (म्हणजे गोधडी) करावी आणि जे उरेल त्यातून सगळ्या आतेमामे भावंडांना काहीतरी छोटं छोटं. आम्ही भावंडं अकरा आहोत, म्हणजे कुणाला दिलं आणि कुणाला नाही असं चालायचं नाही, पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल.

तर मी शहाणपणा केला. यूट्यूबवर बघून चार-चार इंचाचे चौकोन कापले, चांगले ऐंशी कापले, रात्री जागून, आणि मशीनवर जोडायला घेतले. दिसायला एक नंबर. पण इस्त्री करताना जरा ताणलं तर शिलाईच्या शेजारी कापड टर्रकन गेलं. एका ठिकाणी नाही, सात-आठ ठिकाणी. दोरा शाबूत, शिलाई शाबूत, कापडच गेलं. मी तशीच कपाळाला हात लावून बसले, कारण ते लुगडं आजी गुरुवारी नेसायची.

दुसरी गोष्ट म्हणजे आईचं मत आहे की गेलेल्या माणसाचं कापड नवीन बाळाला घालू नये. ती भांडत नाहीय, नुसती गप्प बसते, आणि ते जास्त त्रासाचं आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, मशीन साधीच आहे, हाताने शिवायची पण तयारी आहे. आता या ऐंशी चौकोनांचं काय करू?

पेठेतली_काकू

बाई गं, आधी ती कात्री कपाटात ठेव आणि चावी दुसऱ्या कुणाकडं तरी दे.

अगं, चौकोन जोडायचे नसतात, मांडायचे असतात. ते यूट्यूबवालं नव्या कापडाचं काम. जुन्या कापडाला एका रेघेवर शिलाई मारली की सगळा ताण त्याच रेघेवर येतो आणि जुनं सूत तो सोसत नाही, म्हणून दोरा राहतो आणि कापड जातं. आपली वाकळ टिकते ती जोडामुळं नाही, तर अख्खे थर एकावर एक घालून सगळ्या अंगभर धावदोरा घातल्यामुळं. ताण हजार टाक्यांत वाटून जातो. मी चाळीस वर्षं शिवतो वाकळा (होय, शिवतोच म्हणणार, कोल्हापूरची बाई हाय, पुणेकरांनी हसू नये), अजून एक पण जोडावर फाटलेली नाही.

तुझे चौकोन फुकट गेले नाहीत. खाली एक अख्खं दणकट सुती कापड घे, त्यावर चौकोन मांड, एकाची कड दुसऱ्यावर बोटभर चढव, वरची कड आत मुडप आणि कच्चे टाके घाल. मग ते सगळं मिळून तुझा वरचा थर झाला. फाटके आहेत ते आतल्या बाजूला घाल, आत कोण बघतंय.

आता माप सांगतो. नऊवारी म्हणजे नऊ वार, वार ३६ इंचाचा, म्हणजे ३२४ इंच. चौपदरी दुमडली की ८१ इंच, पावणेसात फूट, पन्ह्याएवढी रुंद. एका माणसाची वाकळ कात्री न लावता झाली बघ! आमच्या सासूबाई अशाच करायच्या. बाळाला एवढी नको, ३६ बाय ४५ लई झाली, पन्हा आहे तसा ठेव आणि लांबीत ३६ चे तुकडे पाड. एका लुगड्यातनं नऊ निघतात, त्यातले काष्ट्याचे, बसायच्या जागेचे विरलेले असतात ते बाजूला काढ. कसं ओळखायचं, तर खिडकीशी उजेडात धरायचं, जिथं पलीकडचं दिसतंय ते आतल्या थराला, जिथं दिसत नाही ते वर. दोन अंगठ्यांनी हलकं ताणून पण बघ, कुरकुर आवाज आला तर ते कापड पायपुसण्याला पण नको.

कोपरे ताणून फरशीवर अंथर, चार कोपऱ्यांवर डबे ठेव, मधून बाहेर वीतभर अंतरानं कच्चे टाके घाल. हे आळस न करता करायचं, नाहीतर शिवता शिवता खालचा थर गोळा होतो आणि पाठीला टोचतो. मग कडेनं सुरू करून गोल गोल आत यायचं, दोन ओळींत दोन बोटं अंतर. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गाठी पडतात. मेणबत्तीवरून एकदा ओढून घे. बोटाला टोपण घाल, पहिल्या दिवशी शहाणपणानं घालायचं नाही म्हणशील आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येणार नाही.

राहता राहिली आई. आमच्यात तर बाळंतिणीच्या खोलीत जुन्या लुगड्याचंच दुपटं लागतं, नवं कापड बाळाला रुततं म्हणतात. पण प्रत्येक घराचं वेगळं. आईशी वाद घालू नको. तिचीच एक मऊ सुती साडी माग आणि ती वरच्या अंगाला लाव. आजी मधल्या थरात राहू दे. बाळाच्या अंगाला आईची साडी लागेल, ऊब सगळ्यांची. आणि ते ऐंशी चौकोन मोठ्यांच्या वाकळेला घाल, बाळाच्या नको.

तांबडापांढरा_७

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, मी मशीनच्या बाजूनं बोलतो. वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, लहानपण काजे-बटणं करण्यात गेलं.

तीन-चार थर मऊ लुगड्याचे असतील तर साधी मशीन खेचते. सुई १६ नंबरची लावा, टाका मोठा करा, फूटचा दाब कमी करा. चारच्या वर थर गेले की खालचं कापड पुढं सरकतं आणि वरचं मागं राहतं, मग चुण्या पडतात आणि तुम्ही मशीनला शिव्या देता. तिथं हातच बरा.

आणखी एक, रोजच्या साड्या सुती म्हणताय पण खात्री करा. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवा (सिंकवर, आणि घरातले झोपल्यावर नको). सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. आजकाल "कॉटन" म्हणून दिलेल्या साड्यांत काय काय निघतं बघून घ्या.

अकरा भावंडांचं काय ते सांगतो. लुगड्यात सगळ्यात दणकट काय असतं तर काठ. अंगाचं कापड विरतं तरी काठ तसाच असतो. त्यामुळं वाकळेसाठी फाडायच्या आधी सगळे काठ उभे काढून गुंडाळून ठेवा. त्यात चष्म्याची घरं, नाडीचे बटवे, पोरींना मोबाईलचे पाऊच होतात. बटव्याला आत नवं अस्तर लावा, काठ बाहेर. एका काठात अकरा सहज. तव्याची पकड पण करता येते, पण ती फक्त सुती कापडाची आणि आत जुन्या टॉवेलचे दोन थर घालून. पॉलिस्टरची पकड तव्याला चिकटली की आजीची आठवण वेगळ्या अर्थानं राहील.

नवं कापड लागलं तर गांधीनगरात जा. कोरं सुती घेतलंत तर त्याला खळ असते, दोनदा धुऊन वाळवल्याशिवाय शिवू नका, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जुनं आटत नाही, अख्खी वाकळ पापडासारखी वळते.

आणि एक अवांतर. गांधीनगरात फाळणीनंतर आलेले सिंधी लोक आहेत, त्यांच्यातल्या जुन्या बायकांकडं रल्ली (त्यांची गोधडी) बघायला मिळाली तर बघा. तीच जात, जुनं कापड, वर तुकडे, अंगभर धावदोरा. मी एका गिऱ्हाइकाच्या घरी बघितली होती, भाव करायला गेलो आणि भाव राहिला बाजूला.

रात्रपाळी_सिस्टर

मूड घालवत नाही पण सांगायलाच हवं, लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना सुटं पांघरूण घालायचं नाही, तोंडावर येतं. वाकळ छानच, पण बाळ जागं असताना फरशीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला, कुणाचं तरी लक्ष असताना. रात्री पाळण्यात टाकायची नाही. आणि टिकल्या, मणी, बटणं, लोंबते गोंडे काही नको. आतून-बाहेरून सुटे दोरे कापा, ते बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात आणि घरच्यांना कळत पण नाही, बाळ का रडतंय तेच कळत नाही. मी असं सुजलेलं बोट बघितलंय.

बाकी काकू, माझ्यासाठी पण एक शिवा की.

नदीकाठचा

आमचं एक ऐका. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी पोरं शिकतात. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, माणसं आणि जनावरं बाहेर काढली, वाकळा माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या असं वाटलं. परत आलो तर माळ्यापर्यंत पाणी चढून गेलेलं. आईची सहा पदरी वाकळ दोघांना उचलेना, नुसती चिखलाची लादी. तीन वेळा धुतली, ऑगस्टात ऊन कुठलं, वरून वाळायची आणि आत ओलसर, वास काय जाईना. शेवटी आईनं ब्लेड घेऊन अख्खी उसवली, एक एक थर वेगळा करून दोरीवर टाकला आणि गणपतीनंतर परत शिवली. आतले थर उसवल्यावर कळलं की सगळ्यात आत तिच्या लग्नातल्या शालूचा तुकडा होता, तिला स्वतःलाच आठवत नव्हतं.

म्हणून म्हणतो, आत फोम किंवा जुना स्वेटर बिटर भरू नका, ऊब लागते पण वाळत नाही. आणि जाड करण्यापेक्षा पातळ दोन करा. घट बसायच्या आधी दसरा काढताना जेव्हा सगळ्या वाकळा धुवायला काढाल तेव्हा मला दुवा द्याल.

सुईत_दोरा_जाईना

सगळ्यांना लई म्हणजे लई थँक्यू. सव्वा महिन्यानं येतेय कारण खरंच शिवत होते.

आईकडे साडी मागितली. काही बोलली नाही, आत गेली आणि तिची फिकट पिस्ता रंगाची साडी घेऊन आली, जी ती माझ्या जन्मानंतर घरात नेसायची म्हणे. मला माहीतच नव्हतं. मधे आजीच्या लुगड्याचे दोन थर, खाली धुतलेलं पांढरं कोरं सुती. पहिल्या चार ओळी मी घातल्या, वाकड्या. पाचवीपासून आई संध्याकाळी मालिका बघता बघता शेजारी येऊन बसायला लागली, आणि आता कोण कुठली ओळ शिवलीय ते लांबून ओळखता येतं, तिचे टाके तांदळाएवढे आणि माझे शेंगदाण्याएवढे. ती म्हणते तुझे उसवून परत घालूया. मी नाही म्हटलंय.

चष्म्याची घरं सात झाली, चार राहिलीत. आत्याला दिलं तर तिनं आधी वास घेतला. काही वास नव्हता, दोनदा धुतलंय, तरी घेतला.

आता गोंधळ. मोठ्यांच्या वाकळेला ते ऐंशी चौकोन मांडले होते, वर शोभेला इरकलच्या लाल पदराच्या पट्ट्या लावल्या. पट्ट्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवल्या होत्या कारण शेजारच्या काकू म्हणाल्या रंग पक्का होतो. काल धुतली तर लाल रंग उतरून एका चौकोनाभोवती तळहाताएवढा गुलाबी डाग. अजून ओलीच आहे, बादलीत ठेवलीय. काय करू?

तांबडापांढरा_७

मिठानं कच्चा रंग पक्का होत नाही हो, हे कोल्हापुरात निम्म्या घरांत चालतं. आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं असतं, फडकं लाल झालं तर ते कापड वाकळेला घ्यायचंच नाही. आता वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको. त्या लाल पट्ट्या लगेच उसवून काढा, मग गार पाणी बदलत बदलत खळबळवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बराच जाईल. थोडा राहील.

सुईत_दोरा_जाईना

पाच पाणी झाली. राहिलाच थोडा, आंब्याच्या कोयरीसारखा आकार आहे. त्यावर वरून काहीतरी लावावं म्हणतेय, पान लावू की मासा?

पेठेतली_काकू

पोपट लाव. चोच लाल असते, डाग त्यात जिरेल. आणि दसरा काढायच्या आत उरक, मग मला विचारायला पण येऊ नको, मी स्वतः पाण्यात उभा असणार.