मदत हवी आहे: भावाचा आग विझवताना घालायचा सूट घरच्या मशीनमध्ये धुवावा का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ चाकणजवळच्या एका कारखान्यात फायरमन आहे. आम्ही भोसरीत एकत्र राहतो. कंपनीत धुवायची सोय नाही, म्हणून कोट, पँट, हूड (डोकं-मान झाकणारी टोपी), हातमोजे सगळं पिशवीत कोंबून घरी येतं. मागे रबराच्या गोदामाची आग विझवून आला, तेव्हा पिशवी गॅलरीत ठेवूनही घरभर जळका वास होता. आणि त्याची दोन वर्षांची मुलगी तो दारात दिसला की थेट गळ्यात पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम कर्करोगकारक ठरवलं, अगदी गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध पक्का आहे म्हणे. काजळीतलं विष नुसतं श्वासातून नाही, मानेच्या, जबड्याच्या कातडीतूनही आत जातं. भावाला हे सांगितलं तर म्हणतो, "ताई, काळा सूट म्हणजे काम केल्याची खूण." नव्या पोरांना सीनियर हेच शिकवतात. मला हे मुळीच पटत नाही.

मशीन आमचं एकच, त्यातच बाळाचे कपडे. वेगळा फेरा लावला तर चालेल का? कडक उन्हात वाळवलं की सगळं जातं, हे खरं का? आणि कंपनीकडे नेमकं काय मागावं? त्याची नोकरी नवीन आहे, भांडण नकोय.

प्रतिसाद (निवृत्त फायरमन)

ताई, घरच्या मशीनमध्ये अजिबात नको. काजळी ड्रममध्ये राहते आणि पुढच्या कपड्यांना लागते. खरी सफाई आगीच्या जागीच व्हायला हवी. सूट अंगात, हवेच्या सिलिंडरचा मास्क तोंडावर असतानाच जोडीदाराने ब्रशने काजळी झाडायची, मग हलक्या दाबाचं पाणी, सौम्य साबण, परत पाणी. बराचसा मळ तिथेच उतरतो. सूट जाड पिशवीत तोंड बांधून ठेवायचा, आणि तासाभरात अंघोळ.

ऊन तर नकोच! कोटाचा अरामिड (आगीला टिकणारा) धागा उन्हाने कमजोर होतो, ब्लीचनेही. अस्तर वेगळं काढून, ४० अंशांच्या आतल्या पाण्यात धुवा, सावलीत वाऱ्यावर वाळवा. सोय होईपर्यंत हे कंपनीच्या आवारातच, वेगळ्या टबात, हातमोजे घालून करायला सांगा.

आणखी एक, ज्याची मला जास्त काळजी वाटते. ज्वाळा विझल्या की ढिगारा उपसताना पोरं मास्क काढतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू तेव्हाही हवेत असतात. भावाला हे बजावून सांगा.

कंपनीकडे प्रत्येकी दोन हूड आणि सूटसाठी स्वतंत्र फ्रंट लोड मशीन मागा. एकट्याने नाही, सगळ्या टीमच्या सह्यांनी सेफ्टी ऑफिसरला पत्र द्या.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. मास्कचं आज रात्रीच बोलते. पत्राचा मसुदा मी लिहून इथे टाकते, जरा तपासून द्याल का? आणि तोंड बांधायच्या जाड पिशव्या भोसरीत कुठे मिळतील, कुणाला माहीत आहे?