गार्टर सापाच्या पोटावर फोड आणि मानेला थरथर: दोष ओलाव्याचा की खाण्याचा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे आठ महिन्यांपासून सुमारे 60 सेंटिमीटर लांबीची गार्टर सापाची मादी आहे. हे साप निसर्गात तळी, ओढे आणि दलदलीच्या काठाने आढळतात असे वाचल्यामुळे मी तिच्या टाकीत ओलसर माती व शेवाळ पसरले, दिवसातून दोन वेळा पाणी फवारत राहिले आणि तिला आवडतात म्हणून बहुतेक वेळा लहान गोल्डफिशच खायला देत आले. गेल्या आठवड्यात तिला हातावर घेतले, तेव्हा पोटाच्या रुंद खवल्यांवर तांदळाच्या कणीएवढे, पाणी भरलेले फोड दिसले. परवापासून मात्र आणखी काळजी वाटू लागली आहे. माशावर झेप घेताना तिचे डोके एका बाजूला कलते, मान थरथरते, आणि काल ती उताणी झाली तेव्हा तिला पुन्हा पालथे व्हायला बराच वेळ लागला. हे सारे एकाच आजाराचे आहे का, आणि मी आधी काय बदलावे?

उत्तर 1

नमस्कार. माझ्या मते ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांपैकी मानेची थरथर अधिक तातडीची आहे. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचे विकर असते. ते थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, मोडून टाकते, आणि असे मासे महिनोन् महिने खात राहिलेल्या सापाच्या मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो: तोल जाणे, अंगाला पीळ पडणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे आणि पुढे झटके येणे. ही गोष्ट सापांपुरतीच नाही. 1930च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे खायला घातल्यावर त्यांना पक्षाघात झाला होता, आणि त्या शोधातूनच माशांमधला हा दोष उजेडात आला. गोल्डफिश कार्पच्याच कुळातला आहे. मासे गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही, हे आवर्जून सांगतो, कारण अनेकांचा तसा समज असतो.

कृपया आजच गोल्डफिश थांबवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे तिला घेऊन जा. डोक्याला मार लागणे, जंतुसंसर्ग किंवा टाकी अति तापणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून जीवनसत्त्वाचे औषध घरच्या अंदाजाने देऊ नये. वेळेत थायमिन मिळाले तर साप पुष्कळदा सावरतात, उशीर झाला तर मात्र झालेली हानी भरून निघेलच असे नाही.

पुढे मासे द्यायचेच असतील तर गप्पी, ट्राउट, सॅमन किंवा तिलापिया द्यावेत, कारण त्यांत हे विकर नसते. गप्पी आधी गोठवून ठेवल्यास त्यांच्यातल्या परजीवी कृमींचा धोकाही कमी होतो. नुसत्या माशाच्या बिनकाट्याच्या तुकड्यांवर मात्र साप ठेवू नका. त्यात हाडे नसल्यामुळे कॅल्शियम मिळत नाही. गोठवून वितळवलेली उंदराची लहान पिल्ले हा पूर्ण आहार आहे, आणि ती नाकारली तर पिल्लावर माशाचा किंवा गांडुळाचा वास चोळून पाहा, बहुतेक गार्टर साप त्या वासाला भुलतात.

उत्तर 2

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त गांडुळांबद्दल थोडी भर घालतो. मोठी, मातीत खोल राहणारी गांडुळे चालतात, परंतु कंपोस्टच्या खोक्यातली बारीक, लालसर, पट्टेदार गांडुळे कधीही देऊ नयेत. त्यांच्या अंगातला द्रव सापांना विषारी ठरू शकतो.

आता फोडांविषयी. पाण्याकाठी राहणारा साप सतत पाण्यात भिजत नाही, तो पोहून येतो आणि उन्हात तापलेल्या दगडावर अंग कोरडे करतो. तुमच्या टाकीत कोरडी जागाच उरली नसणार, आणि ओल्या मातीवर पोट टेकून राहिल्यानेच असे फोड येतात. त्यांत जंतू शिरले तर खवले सडू लागतात. फोड स्वतः फोडू नका. माती व शेवाळ पूर्ण काढून, टाकी धुऊन वाळवा आणि जखमा भरेपर्यंत साधा पेपर टॉवेल अंथरा. त्याचा दुसरा फायदा असा की विष्ठा लगेच दिसते, आणि भराभर पचवणाऱ्या या सापांची विष्ठा रोजच तपासावी लागते. नंतर अॅस्पेनच्या लाकडाचा भुसा घालता येईल. देवदार किंवा पाइनचा भुसा टाळावा, त्यांतील उग्र तेले श्वसनाला बाधतात.

फवारणी बंद करा. त्याऐवजी सापाला सगळे अंग बुडवता येईल असे जड भांडे थंड बाजूला ठेवा आणि एका झाकणदार डब्याला भोक पाडून त्यात ओले शेवाळ भरा. डोळे निळसर, दुधाळ झाले की कात टाकायच्या दिवसांत ती आपणहून त्या डब्यात जाईल. टाकीच्या एका टोकाला शेकायची जागा 29 ते 32 अंश सेल्सियस आणि दुसरे टोक 21 ते 24 अंश असावे, उष्णतेचे साधन थर्मोस्टॅटला जोडलेले असावे, आणि लपायला दोन्ही टोकांना जागा असावी, नाहीतर भित्रा साप ऊब सोडून आडोसाच निवडतो. झाकणाची फटही तपासा. बोटाएवढ्या फटीतून हे साप सहज निसटतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. पशुवैद्यांनी थायमिनचे इंजेक्शन दिले आहे, फोडांसाठी मलम लिहून दिले आहे, आणि तिने आज सहा दिवसांनी नेम न चुकता गप्पीचा तुकडा घेतला. टाकी आता पूर्ण कोरडी आहे. एक शंका उरते. गार्टर साप एकत्र राहू शकतात असे वाचले आहे. तिच्यासाठी सोबतीण आणावी का?

उत्तर 3

गार्टर साप एकत्र राहू शकतात, परंतु तुमची मादी पूर्ण बरी होऊन दोन-तीन कात नीट, एकसंध टाकेपर्यंत थांबा. नवीन साप आणल्यावर त्याला किमान तीन महिने वेगळ्या टाकीत आणि वेगळ्या भांड्यांत ठेवा. पाण्यात बुडालेले काळे ठिपके माइट्सचे, म्हणजे रक्त शोषणाऱ्या बारीक परजीवींचे, असू शकतात, आणि उघड्या तोंडाने श्वास घेणे किंवा नाकाशी बुडबुडे दिसणे हे श्वसनविकाराचे लक्षण आहे. दोघी सारख्या आकाराच्या माद्याच असाव्यात. नर-मादी ठेवल्यास थेट जिवंत पिल्ले जन्माला येतात, आणि ती एका वेळी डझनभराहून अधिक असू शकतात.

खायला घालताना त्यांना वेगळ्या डब्यांत ठेवा. एकाच गांडुळाची दोन टोके दोन सापांनी धरली, तर गिळत गिळत एकीचे डोके दुसरीच्या तोंडात जाते, आणि मागे वळलेल्या दातांमुळे धरलेले सोडवणे तिला कठीण होते. खाऊन झाल्यावरही तोंडाला गांडुळाचा वास असतो, म्हणून मी त्यांची तोंडे ओल्या कापडाने पुसतो आणि अर्ध्या तासानंतरच एकत्र सोडतो.