माणसांचे फोटो काढताना आलेले अनुभव

रंकाळाकाठ:
काल जोतिबावरून उतरताना केर्लीजवळ काकवीचा वास आला आणि रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस आठवले. सुट्टी मिळाली की गावं हिंडायची, माणसांचे फोटो काढायचे, एवढाच नाद. अजून तोच आहे.

तेव्हा एका गुऱ्हाळावर गेले होते. ३६ फोटोंचा रोल, म्हणजे उगाच बटण दाबायची सोय नाही. गूळ शिजवणाऱ्या गुळव्या मामांनी आधी हातावर काकवी घातली, मग म्हणाले, "आता काढा काय काढायचं ते." काहिलीवर, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवर, नजर लागली की माणूस कॅमेरा विसरतो. पाक पाण्यात सोडून गोळी होते का बघत होते, छपराच्या फटीतला उजेड वाफेत अडकलेला. तो फोटो मला फार आवडला. मोठा करून नेऊन दिला. मामांनी निरखून बघितला. "मी दिसतोय, पण ह्यात गूळ कुठाय?" मग ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, खांद्यावर घेतला, टोपी सरळ केली, छाती काढून उभे राहिले. घरात लागला तो हा दुसरा. तेव्हापासून माझ्या मनासारखा फोटो झाला की मी विचारतेच, "तुम्हाला कसा पाहिजे?" माणूस स्वतःला जसा मानतो तसा त्या दुसऱ्या फोटोत येतो. मला आता तेच जास्त आवडतात.

तुमचे लिहा.

पांढरा_रस्सा:
ताई लई भारी. आमच्या तालमीतलं सांगतो. पहाटे पाचला पोरं हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरतात. वस्तादांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, चप्पल दाराबाहेर. उजेड एका झरोक्यातून, त्यामुळं ५० एमएमची लेन्स, तिचं छिद्र मोठं म्हणजे एफ १.८, आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ३२०० तरी लागतंच. एका पोराचा तोंडावर तांबडी माती असलेला फोटो काढला. दोन दिवसांत चौकात फ्लेक्सवर! वाढदिवस होता गड्याचा. माती पुसून, गालावर गुलाबी रंग लावून, मागं वाघ 😂

रंकाळाकाठ:
😂 विचारलं असतंस तर वाघ आधीच घेता आला असता

शिरोळची_लेक:
आई कधी फोटोला उभी राहत नाही. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात मात्र स्वतः म्हणाली काढ. छताला गोल मोकळी जागा आहे ना, भर दुपारी तिच्या बरोबर खाली उभं केलं की डोळ्यांत काळे खड्डे पडतात. तिला जरा बाजूला, खांबाच्या सावलीच्या कडेला घेतलं. दगडावरून उजेड उसळून चेहऱ्यावर आला. रिफ्लेक्टर नको की काही नको. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय

घाटमाथा:
खिद्रापूरहून येताना नरसोबाच्या वाडीची बासुंदी खाल्ली का?

शिरोळची_लेक:
हे काय विचारणं झालं. कवठाची बर्फी पण.

भंडाऱ्यात_न्हालेला:
पट्टणकोडोलीला जाणाऱ्यांनी ऐका. विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, म्हणजे हळद, उधळला की हवा पिवळी होते. तिथं लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरूनच एक लावून न्यायची, बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी, नुसतं लेन्सचं तोंड उघडं. धूळ बसली तर तोंडानं फुंकायची नाही, थुंकी उडते आणि हळद चिकटते. हवा मारायचा रबरी ब्लोअर वापरायचा. जोतिबाच्या गुलालालाही हेच.
आणि एक मनापासून. अंगात आलेल्या बाईच्या तोंडापुढं कॅमेरे घालणारी गर्दी बघवत नाही. ती कशी विचारणार, नको म्हणून? मी तिथून मागं येतो. ढोल उतरवून चहा पिणारे धनगर आजोबा मला जास्त काही देतात.

रंकाळाकाठ:
शंभर टक्के.

मंगळवार_पेठ:
मी अंबाबाईच्या किरणोत्सवाला जातो, मावळतीचे किरण देवळात मूर्तीवर येतात तेव्हा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. देवळात कॅमेरा चालत नाही, नेतही नाही. बाहेर महाद्वारात थांबतो. मावळतीचं तेच ऊन बाहेर येणाऱ्यांच्या तोंडावर असतं. किरण मूर्तीपर्यंत पोचले की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही, चेहऱ्यावर कळतं.
ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथं हा नाद नसेल तर कुठं असणार? खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून रोज जातो, मान आपोआप वळते.

नवखी_क्लिकर:
खूप छान लिहिताय सगळे. माझा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी आली, काय करू?

भंडाऱ्यात_न्हालेला:
आतून असेल तर दुकानात उघडून साफ करून घ्या, स्वतः खोलू नका. पुढं घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. आणि वापरत राहा, कपाटात पडून राहिली की बुरशी येणारच.

नवखी_क्लिकर:
धन्यवाद दादा. अनोळखी माणसाला विचारायला धीर होत नाही हो. आमच्या गल्लीत चप्पल शिवणारे काका आहेत, रोज बघून पुढं जाते.

रंकाळाकाठ:
आधी चप्पल शिवायला घेऊन जा. कॅमेरा गळ्यात दिसू दे, पण काढू नको. बहुतेक वेळा तेच विचारतात. आणि प्रिंट नक्की नेऊन दे. मोबाईलवर पाठवलेला नाही, हातात धरायचा.

पांढरा_रस्सा:
रविवारी तालमीत या की सगळे. वस्तादांना सांगून ठेवतो.

शिरोळची_लेक:
बायकांना चालेल का?

पांढरा_रस्सा:
विचारून सांगतो ताई.