आईबाबांना परदेशात ट्रेननं फिरवणं: हौस की हाल?

धंतोलीकर आजोबा

आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला राहून आलो. त्याच्याकडे गाडी नाही. नागपुरात परतल्यापासून जो भेटतो तो हळहळतो, "अरेरे, मग तुम्हाला ट्रेननं हिंडवलं?" जणू मुलानं आम्हाला उपाशी ठेवलं!

माझं मत उलट आहे. तिथे कुटुंबानं बाहेर पडायचं तर ट्रेननंच पडावं, दारात गाडी असली तरी. बायर्न-तिकीट नावाचा प्रकार आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत बव्हेरियाभर, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या राज्यभर, प्रादेशिक गाड्यांनी दिवसभर फिरता येतं. शनिवार-रविवारी पहाटेपासून चालतं, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांना मात्र चालत नाही. नातू पाच वर्षांचा, त्याला तिकीटच नाही. आम्ही फ्युसेनला गेलो, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला. राजा लुडविग दुसरा याचा हा वाडा, १८६९ साली बांधायला घेतलेला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. जायला साधारण दोन तास लागतात. ते दोन तास मुलगा माझ्यासमोर बसून बोलत होता. नागपूरला येतो तेव्हा दोन तास सलग घरात सापडत नाही. गाडी असती तर तो रस्त्याकडे बघत असता आणि सूनबाई मोबाईलवरच्या नकाशाकडे.

बोला, कोणाला हाल वाटतात?

बेसा रोडवाला

काका, तत्त्वाचं नका सांगू नं. तिथे राहायला गेल्यावर भारतातलं लायसन्स सहा महिनेच चालते. मंग लेखी अन् गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा नव्यानं, अन् फी पण काही कमी नाही. अर्धे लोक त्याच्यापायी गाडी घेऊन नाही राहिले आन् इकडे येऊन पर्यावरणाचं सांगतात. माझा साळा तिकडेच आहे. लायसन्स भेटल्याबरोबर पहिले गाडी घेतली त्यानं. आता पुसा त्याला ट्रेनचं.

माहेर महाल, सासर म्युनिक

आजोबा, तुमचा दिवस छान गेला हे वाचून बरं वाटलं. त्या दिवशी पिशव्या कोणाच्या खांद्यावर होत्या, तेही लिहा की.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांवर काही मिळतं, पण सासूबाईंना बटाट्याशिवाय काही चालत नाही. म्हणजे आदल्या रात्री तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, लोणचं. त्यात पोराचे जास्तीचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या, पाणी, चौघांचे स्वेटर, बाबागाडी. कार असली की हे सगळं डिकीत जातं आणि लागेल तेव्हाच बाहेर येतं. ट्रेनमध्ये ते दिवसभर माझ्या अंगावर असतं. एखाद्या स्टेशनची लिफ्ट बंद निघाली तर बाबागाडी नवरा उचलतो, सासूबाईंचा हात मी धरते, आणि गाडी कोणासाठी थांबत नाही.

फ्युसेनचंच घ्या. स्टेशनवरून बस, बसमधून उतरल्यावर अर्धा-पाऊण तास चढ. घोडागाडी आहे, पण तीही दरवाज्यापर्यंत नेत नाही, पुढे पंधरा मिनिटं चालायचंच. वर तिकिटावर ठरलेली वेळ छापलेली, ती चुकली की आत सोडत नाहीत. एक गाडी उशिरा आली तर आधी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, कारण ऑनलाइन तिकीट मी काढलेलं असतं.

धंतोलीकर आजोबा

पिशवी मी घेतली होती हो! एक तरी. पण चढ, घोडागाडी आणि ठरलेली वेळ ह्या तिन्ही गोष्टी कारनं गेलात तरी तशाच आहेत. कारही खाली पार्किंगलाच सोडावी लागते. त्याचा राग ट्रेनवर कशाला?

झुरिकची मावशी

आजोबांच्या बाजूनं. स्वित्झर्लंडच्या डबलडेकर लांब पल्ल्याच्या गाड्यांत कुटुंबांसाठी वेगळा डबा असतो, त्यात वरच्या मजल्यावर घसरगुंडीसकट खेळायची जागा. पोरं उतरायला तयार नसतात. कारमध्ये हेच पोर पट्ट्यात बांधून ठेवायचं. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कारमध्ये त्याची खास सीट लागतेच. भाड्यानं गाडी घेतलीत तर त्या सीटचेही पैसे. आईबाबा आले म्हणून एका दिवसासाठी कार घेणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा.

ह्यूस्टनचा वैदर्भी

हा सगळा वाद युरोपवाल्यांचा. आमच्याकडे घरातून निघून दूध आणायचं तरी कार. "दारात गाडी असली तरी ट्रेननं जा" हे म्हणायला आधी दारापासून चालत जाता येईल असं स्टेशन पाहिजे.

बेसा रोडवाला

अन् वेळेचं काय? जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या. तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरत नाहीत म्हणून. आपल्याकडे असं झालं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती.

माहेर महाल, सासर म्युनिक

दादा, तो आकडा वेगवान गाड्यांचा आहे, आणि बायर्न-तिकीट त्यांना चालतच नाही. प्रादेशिक गाड्या नव्वद टक्क्यांच्या आसपास वेळेवर असतात. माझं भांडण ट्रेनशी नाही, तिच्यापायी जे काम वाढतं ते एकटीच्या वाट्याला येतं त्याच्याशी आहे.

धंतोलीकर आजोबा

हे पटलं. तरी इथला मुद्दा राहतोच. तिकडे चढ चढून हौसेनं फोटो काढणारी आमची मंडळी नागपुरात मेट्रोनं चला म्हटलं की तोंड फिरवतात. मेट्रो २०१९ पासून आहे, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला, खापरीहून ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगरहून प्रजापती नगर, मध्ये सीताबर्डीला गाडी बदलायची. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत.

बेसा रोडवाला

सीताबर्डीला जाऊन करायचं काय पण? रविवारी लोक जाते फुटाळा तलावावर. तिथे स्टेशन आहे का? बेस्याला तर नाहीच. दुसरा टप्पा होऊन राहिला, ४३.८ किलोमीटरचा, कन्हान, बुटीबोरी, हिंगणा. त्यातही फुटाळा नाही. म्हणजे शेवटी ऑटोवाल्याशी हुज्जत. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आईला स्टेशनापासून चालवत नेऊन दाखवा, मंग बोलू.

ह्यूस्टनचा वैदर्भी

तिथे तरी ऑटो मिळतो भाऊ.

नवीन सदस्य, प्रताप नगर

मध्येच विचारते. सप्टेंबरात आईला घेऊन म्युनिकला बहिणीकडे जातेय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर हळूहळू चालते. एक दिवस बाहेर काढायचंय. काय करू?

बेसा रोडवाला

टॅक्सी. विषय संपला.

माहेर महाल, सासर म्युनिक

टॅक्सी नको, खूप महाग पडेल. किल्लाही नको. म्युनिकहून प्रीनला जा, तासाभराची ट्रेन आहे. तिथे कीमसे नावाचं मोठं तळं. स्टेशनपासून धक्क्यापर्यंत १८८७ पासूनची छोटी रेल्वे आहे, उन्हाळ्याच्या हंगामातच चालते, म्हणून आधी वेळापत्रक बघा. पुढे बोट. लुडविगचा महाल असलेल्या मोठ्या बेटावर धक्क्यापासून बरंच चालावं लागतं, तेव्हा आईला फ्राउएनइन्झेल ह्या लहान बेटावर न्या. बऱ्यापैकी सपाट आहे, गाड्या नाहीत, बसायला बाकं भरपूर. आणि पुऱ्यांची पिशवी बहिणीच्या नवऱ्याकडे द्या.

धंतोलीकर आजोबा

बोटीत वरच्या मजल्यावर बसू नका, वारा फार लागतो. खाली खिडकीजवळ जागा धरा.