गच्चीतल्या मक्याचे अनुभव लिहा

मुलुंड, गच्ची:
गेल्या जूनमध्ये पहिल्या सरीनंतर मका टोकला. ताटं डोक्याएवढी झाली, तुरे आले, कणसं धरली. सोलली तर आत बोळकं! चार दाणे इथे, दोन तिथे. फार वाईट वाटलं. खत कमी पडलं का? यंदाची ताटं कमरेला लागलीत. मुंबईत दाण्यापासून मका वाढवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दहिसर:
खताचा दोष नाही हो. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा. त्या केसावर तुऱ्यातली पूड पडली नाही, तर ती जागा रिकामीच राहते. शेतात वारा हे काम करतो. माझी आठ रोपं कठड्यालगत एका रांगेत होती, तेव्हा माझीही हीच गत झाली. पुढच्या खेपेला 12 ग्रो बॅगा चौकोनात, अगदी जवळजवळ मांडल्या. सकाळी दव वाळलं की तुरा कागदी पिशवीत झटकायचा आणि ती पिवळी पूड केसांवर भुरभुरायची, असं चार-पाच दिवस केलं. कणसं टोकापर्यंत भरली. मुलीने पहिलं कणीस सोललं तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे होतो.

गोरेगाव:
जुलैच्या संततधारेत मात्र पूड भिजून तुऱ्यालाच चिकटते. म्हणून मी नोव्हेंबरात पेरते.

भांडुप:
पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, रोज बघा. पानांवर भोकं आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की अमेरिकन लष्करी अळी समजा. मी संध्याकाळी टॉर्च घेऊन हातानेच वेचते. ही अळी भारतात 2018 मध्ये पहिल्यांदा आढळली, त्यामुळे आईच्या जुन्या अनुभवात तिच्यावर उपाय नव्हता.

परळ, चाळ:
आमच्या गॅलरीत दोनच कुंड्या. कणीस एकही धड भरलं नाही. पण बाबा साताऱ्याकडचे, आयुष्य गिरणीत गेलं. पानं सळसळली की खुर्ची तिथे ओढून बसायचे. यंदाही लावलाय.

दहिसर:
केस निघाल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी ते तपकिरी होतात. दाण्याला नख लावून पाहा, दुधासारखा रस आला की तोडा. स्वीट कॉर्न असेल तर लगेच उकडा, गोडी भराभर उतरते.

मुलुंड:
मनापासून आभार. माझ्याही कुंड्या कठड्यालगत रांगेतच आहेत. आज संध्याकाळी मधे सरकवतो.